आईच्या आनंदाचा आकडा

गेल्या फाल्गुनात मी माझ्या आईला आनंदी ठेवण्याचा एक शास्त्रशुद्ध प्रयत्न केला. त्यात ती फक्त मरायची बाकी राहिली.

मी जबलपूरच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यातही माझा खास विषय (सांगताना आजकाल जरा लाज वाटते) म्हणजे माणसाला आनंद देणारी यंत्रं कशी बनवावीत. मोबाइलने माणसाचं डोकं फिरवण्याऐवजी त्याला प्रसन्न कसं करावं, घरातल्या दिव्याला घरातल्या माणसाची उदासी कशी कळावी, वगैरे. या विषयावर मी सलग दीड तास बोलू शकतो. मुलं ऐकू शकत नाहीत, तो भाग वेगळा. (त्यांना निखळ आनंद देणारं यंत्र कॉलेजात आधीपासून आहे. तास संपल्याची घंटा.)

तर दिवाळीत माझा मोठा भाऊ, सुहासदादा, पुण्याहून चार दिवसांसाठी आला. दादा एका कंपनीत मोठा साहेब आहे आणि घरात शिरला तरी साहेबच असतो. चार दिवस त्याने सोफ्यावर बसून आईचं बोलणं ऐकलं. चहा पांचट आहे. शिरीषच्या शर्टाला इस्त्री नाही. सुनेच्या करंज्यांना तोंडं आहेत, त्या हसून राहिल्या आहेत. नातीच्या केसांचं झाडू झालं आहे. जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात आता मेथीच्या नावाखाली गवत विकतात आणि ते गवत विकत घेणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे शिरीष. या घरात अक्कल नावाची वस्तू कोणी आणली असेल तर दाखवा.

चौथ्या दिवशी दादा मला गच्चीवर घेऊन गेला आणि गंभीरपणे म्हणाला की आई इथे सुखी नाही. होळी झाली की तो तिला कायमची पुण्याला नेणार.

मी आधी हसलो. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं गिळलं. खाली येऊन आईला विचारलं, तर ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "पाहू."

आमच्या आईच्या 'पाहू'ला अर्थ किती असतात, ते आजवर कोणाला मोजता आलेलं नाही. मला तर घामच फुटला. बाबा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा आम्ही दोघं सोबत घेतो. म्हणजे मी करतो, ती नावं ठेवते, आणि मग आमचा दिवस उगवतो. आई पुण्याला गेली तर माझा दिवस उगवणार कसा, याची कुठलीच सोय मी अठ्ठेचाळीस वर्षांत करून ठेवलेली नव्हती.

मी दादाला म्हटलं, ती सुखी आहे रे, तिची बोलायची रीतच तशी आहे. दादा म्हणाला, "भावना नकोत. आकडा दे."

आकडा! मला आणि काय पाहिजे होतं? माझा तर धंदाच तो!

फाल्गुन लागेपर्यंत मी यंत्र तयार केलं. तिखटाच्या डब्याएवढा एक पांढरा डबा. तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. टेबलावरचं बोलणं तो ऐकणार, शब्द पाहणार, आवाजाची पट्टी पाहणार आणि संध्याकाळी शंभरपैकी एक आकडा काढणार, की आज आई किती आनंदात होती. तो आकडा माझ्या आणि दादाच्या मोबाइलवर जाणार. मधेच आई उदास वाटली, तर डबा स्वतःहून बासरी वाजवून गोड आवाजात चार शब्द बोलणार. आनंद कशाला म्हणतात, ते त्याला शिकवायला माझ्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ लोकांची बोलणी गोळा करून आणली होती. सगळे सभ्य लोक. त्यांच्या बोलण्यात जागोजागी 'छान', 'किती सुंदर', 'मनापासून आभार'. हे शब्द आले की आनंद. 'मूर्ख', 'बैताड', 'नशीब फुटलं' असे शब्द आले की दुःख. आमच्या घरात सत्यनारायणाला आलेले गुरुजी सोडून कोणी कोणाचे आभार मानलेले मला आठवत नाहीत. पण हे मला त्या वेळी सुचलं असतं, तर मी कॉलेजात शिकवत कशाला राहिलो असतो?

आईला मी सांगितलं की हा डबा बीपीच्या गोळीची आठवण करून देतो आणि भजनं लावतो. दोन्ही खरं होतं. तिसरं काम मी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला. आईने एक घोट घेतला.

"शिऱ्या, हा चहा आहे का भांडे विसळलेलं पाणी? अर्धं आयुष्य गेलं बैताडाचं, साखरेचा अंदाज नाही आला."

डब्यातून मंद बासरी सुरू झाली. मग एक बाई अतिशय मायेने म्हणाली, "आपण एकट्या नाही आहात. चला, आपण एक दीर्घ श्वास घेऊ या."

आईने डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझी बायको मेधा हिच्याकडे आणि आमची कॉलेजात जाणारी मुलगी तन्वी हिच्याकडे पाहिलं.

"एकटी कुठं आहे? तीन जण बसले आहेत समोर, कामाचा एकही नाही. आणि श्वास तू घे बाई. मी चहा पिऊन राहिली."

संध्याकाळी आकडा आला. अकरा.

दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या दुबे आंटींशी आईची मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडावरून जुंपली. झाड दुबेंचं, शेंगा आमच्या अंगणात. अकरा वर्षांपासून हा खटला भिंतीवरून चालू आहे. आई मराठीतून भांडते, आंटी हिंदीतून, आणि दोघींना एकमेकींचं अक्षरन्‌अक्षर कळतं. त्या दिवशी चाळीस मिनिटं सुनावणी झाली. आई घरात आली तेव्हा तिचे गाल गुलाबी झाले होते, आल्या आल्या तिने सगळा मुकदमा आम्हाला पुन्हा म्हणून दाखवला आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. डब्याने हळुवारपणे विचारलं की आपल्याला कोणाशी मन मोकळं करायचं आहे का. आई म्हणाली, आत्ताच करून आली. त्या दिवशीचा आकडा चार!

दादाचे निरोप येऊ लागले. 'अकरा?' 'नऊ??' आणि मग, 'शिरीष, चार म्हणजे काय? आई जेवते तरी का?' पाठोपाठ त्याने कळवलं की धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटं काढली आहेत.

अशा वेळी शहाणा माणूस यंत्र दुरुस्त करतो. मी घर दुरुस्त करायला घेतलं.

आई देवळात गेल्याचं पाहून मी स्वयंपाकघरात तातडीची सभा बोलावली. आजपासून आईशी सगळ्यांनी फक्त गोड बोलायचं. उलट उत्तर नाही, टोमणा नाही. बोलणं गोड झालं की आकडा आपोआप चढेल. मेधाने माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर डब्याने पाहिली असती तर आकडा शून्याच्या खाली गेला असता. तन्वीचं मराठी आमच्या हिंदी शेजारात वाढलेलं, तिची अडचण वेगळीच.

"पप्पा, आजीला टोमणा नाही मारायचा? फिर बात क्या करेंगे?"

पण मोहीम सुरू झाली. मेधाने दुपारच्या जेवणाला सांगून टाकलं की आईंच्या हातची वांग्याची भाजी म्हणजे अमृत आहे. (भाजी मेधानेच केलेली होती.) तन्वीने "आजी, तुम्ही फार प्रेमळ आहात" असं एक वाक्य पाठ करून म्हटलं. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहाला नावं ठेवली, तेव्हा रोजच्यासारखं "उद्यापासून तूच कर" न म्हणता मी नम्रपणे बोललो, "तुझं बरोबर आहे, आई. तुझं नेहमीच बरोबर असतं."

आईने कप खाली ठेवला. मग दुपारपर्यंत ती बोलली नाही. डब्याला गप्प बसलेलं माणूस दुःखी वाटत नाही. आकडा एकदम एकेचाळीस! मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात आईची दरवर्षीची रक्ततपासणी झाली होती. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. साखर थोडी वाढलेली, बाकी सगळं ठणठणीत. एरवी मी दारातूनच ओरडलो असतो की चोरून लाडू खाणं बंद. पण मोहीम चालू होती ना! मी आईच्या शेजारी बसलो. तिचा हात हातात घेतला. (याआधी तो मी रस्ता ओलांडण्यासाठी धरला होता, वय वर्षं सहा.) आणि दाटलेल्या आवाजात म्हणालो, "सगळं छान आहे, आई. तू काही काळजी करू नकोस. मनाला येईल ते खा."

मुलगा हात हातात घेऊन 'मनाला येईल ते खा' म्हणतो, तेव्हा आईने काय समजायचं असतं, ते माझ्याखेरीज जगात सगळ्यांना कळतं. आईलाही कळलं. ती हळूच म्हणाली, "अच्छा." आणि उठून आत गेली. आकडा त्रेसष्ट.

दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडलं आणि लग्नात आलेली टसरची करवतकाठी साडी मेधाच्या मांडीवर ठेवली. मेधाने कधीतरी नुसता हात लावला तरी "दुरून" म्हणायची ती साडी! मग तिने मेधाला चुलीशी बोलावून पाटवडीच्या रश्श्याचा मसाला सांगितला, भाजायचा क्रम, मिरे किती, सगळं. बावीस वर्षं मेधा नेमकी घरात नसताना जो मसाला वाटला जायचा, तो. मेधा मला बाजूला घेऊन म्हणाली की मला हे लक्षण बरं दिसत नाही. मी तिला मोबाइल दाखवला. चौऱ्याऐंशी! मी म्हणालो, बघ, माणसाला प्रेम मिळालं की माणूस मोकळा होतो. यावर माझा एक तास आहे.

तिसऱ्या दिवशी आईने टोपलीभर मुनग्याच्या शेंगा काढल्या, स्वतः दुबे आंटींच्या दारात नेऊन ठेवल्या आणि हिंदीत सांगितलं की बहन, आजवर काही कमीजास्त बोलली असीन तर माफ करना.

आंटी धाय मोकलून रडत मेधाकडे आल्या. "भाभी, सच बताओ, माताजी को क्या हुआ है?"

काही झालं नाही, असं मेधाने सांगितलं. पण ते तिने आमच्या मोहिमेच्या गोड आवाजात सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत बातमी पोहोचली. मग चार-पाच दिवस लोक येत राहिले. कोणी शहाळं आणलं, कोणी पपई, कोणी डाळिंब. येणारा प्रत्येक जण आईचा हात हातात घ्यायचा, तिच्यासारखी बाई कॉलनीत दुसरी नाही म्हणायचा आणि डोळे पुसत पुसत उठायचा. आई प्रत्येकाला आशीर्वाद देत होती. टेबलावरचा डबा हे सगळं कान देऊन ऐकत होता. शहाण्णव!

दादाचा फोन आला. त्याचा आवाज प्रथमच साहेबाचा नव्हता. म्हणाला, शिरीष, मी चुकलो, मानलं तुला, तिकिटं रद्द करतो. मी जिंकलो होतो! आनंदाच्या भरात मी अर्धा किलो खोव्याची जिलेबी घेऊन घरी आलो. घरात सण नाही, पाहुणा नाही, आणि मुलगा साखर वाढलेल्या आईसाठी खोव्याची जिलेबी आणतो. आईने एक उचलली, सावकाश खाल्ली आणि म्हणाली, "चांगली आहे."

चांगली आहे! ना पाकाला नाव, ना दुकानाला, ना मला. तिथे तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी दुसरी जिलेबी तिच्या पुढे केली.

मग ती म्हणाली की मला एकदा ग्वारीघाटला नेऊन आण.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही दोघं घाटाच्या पायरीवर बसलो. आईने नर्मदेत पाय सोडले होते. शेजारी एक फुलवाली हार गुंफत होती, खाली एक नाववाला नाव बांधत होता. आईने पाण्याकडे पाहतच हाक मारली.

"शिरीष."

मी चमकलो. ती मला शिऱ्या म्हणते.

"तू फार चांगला मुलगा आहेस रे."

मी बी.ई.ला फर्स्ट क्लास आणला, तेव्हा ती म्हणाली होती की बाकीची पोरं आजारी होती का. माझं लग्न ठरलं, तेव्हा म्हणाली होती की पोरगी गुणाची आहे, तिचं कसं होईल बापा. आणि आज चांगला? तेसुद्धा फार?

"आई, तुला काय होऊन राहिलं?"

"मला सगळं समजते. तुम्ही लपवून राहिले, म्हणून मी बी नाही बोलली. आता फक्त एक सांग. डॉक्टरनी किती दिवस सांगितले?"

"कशाचे?"

"माझे."

तिचा आवाज हलला नाही. पदराचं टोक मात्र तिने बोटाला गुंडाळून घट्ट धरलं होतं. मी त्या टोकाकडे पाहिलं आणि गेले आठ दिवस एकदम माझ्या अंगावर आले. साडी, मसाला, मुनगा, जिलेबी. ही बाई आठ दिवस एकटीच मरणाची तयारी करत होती, आणि मी तिचा आकडा पाहून पाठ थोपटून घेत होतो. मला रडूच आलं. रडत रडत मी सगळं ओकलो. दादा, पुणं, डबा, आकडा, गोड बोलायची मोहीम, सगळं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मी मरून नाही राहिली?"

"नाही."

"रिपोर्ट?"

"साखर थोडी वाढली आहे. लाडू बंद."

"मग जिलेबी काहून चारली?"

आईने पाण्यातून पाय वर घेतले, चांगला दीर्घ श्वास घेतला (डब्याला किती बरं वाटलं असतं!) आणि सुरू झाली.

ते सगळं इथे लिहिता येणार नाही. माझ्या जन्मापासून सुरुवात झाली, एवढं सांगतो. आठ दिवसांचं तुंबलेलं होतं, ते बरगी धरणाचे दरवाजे उघडावेत तसं आलं. फुलवालीने हार बाजूला ठेवला. नाववाल्याने नाव बांधायची थांबवली. त्याला मराठीचा एक शब्द येत नसावा, पण मधून मधून तो "सही कह रही हो, माताजी" म्हणत होता. साडी तर गेलीच, मसालाही गेला, आता या घरात माझं राहिलं काय? आणि त्या दुबेणीला मी माफी मागितली, आता शेंगांसाठी भांडू कोणत्या तोंडाने? तिच्या गालांवर गुलाबी रंग चढत होता. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

मग ती एकदम थांबली.

"एवढा डबा बनवला. मी सुखी आहे का, हे मलाच विचारलं काहून नाही?"

(ज्याच्यासाठी यंत्र बनवायचं त्याला आधी विचारा, हे मी पहिल्या तासाला शिकवतो. परीक्षेला येतं. मुलं बरोबर लिहितात.)

"सुचलं नाही," मी म्हणालो. "तू 'पाहू' म्हणाली होतीस. मला वाटलं, जाशील."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. दादा! डब्याचा एक कान मी माझ्या मोबाइलमध्येही बसवून ठेवला होता आणि तो बंद करायला विसरलो होतो. घाटावरचं सगळं त्याने इमानदारीने ऐकलं होतं. संध्याकाळची वाट न पाहता आकडा शहाण्णववरून दोनवर आला होता, आणि दादाच्या मोबाइलवर लाल अक्षरांत सूचना गेली होती की आपली प्रिय व्यक्ती तीव्र दुःखात आहे. दादा मीटिंग सोडून बाहेर आला होता. आईला फोन दे, म्हणाला. मी स्पीकर लावला.

"आई, खरं सांग," दादा म्हणाला. "तू तिथे सुखी आहेस का?"

शेवटी कोणीतरी विचारलं. आईने डोळ्यांना पदर लावला. मग घसा साफ केला.

"सुहास, तुझं घर फार चांगलं आहे. तू वेळेवर येतो, तुझी बायको वेळेवर येते, चहा बरोबर असतो, लिफ्टसुद्धा बोलावल्याबरोबर येते. तिथं मी दिवसभर बोलू कोणाला? इथं हा आहे. सकाळी याच्यावर सुरू केलं तर दिवस पुरत नाही मले. याले सोडून कशी येऊ? नाही येत मी."

पलीकडून दादा म्हणाला, "बरोबर आहे, आई." पहिल्यांदाच त्याने आकडा मागितला नाही.

हल्ली मुलांना मी माझा विषय शिकवतो, तेव्हा माझा आवाज जरा खाली असतो. माणसाला रोज सकाळी ताजंतवानं करणारं, त्याचे गाल गुलाबी ठेवणारं, एकटेपणा जवळ फिरकू न देणारं एक यंत्र मी बनवायला निघालो होतो. आमच्या आईने ते अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच बनवून ठेवलेलं आहे. फक्त चहात साखर किती घालायची, तेवढं त्याला अजून येत नाही.